डोळ्यांपुढे अंधारी : कारणे व तपासणी



आपल्या बारामती-इंदापूर भागात 'डोळ्यांपुढे अंधारी आली' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. उसाच्या फडात वाकून उठलेल्या बाईला अंधारी येते, उपाशीपोटी अभ्यास करणाऱ्या मुलीला येते आणि साठीच्या आजोबांनाही येते. शब्द एक, आजार मात्र निरनिराळे. दोन मिनिटांत दिसू लागले की आपण ती विसरतो. धोका तेथेच आहे.

समजा, निमगाव केतकीच्या पानमळ्यात एका गृहस्थाच्या उजव्या डोळ्यावर पडदा उतरावा तशी सावली आली. दुखले नाही, खुपले नाही. पाच मिनिटांनी सर्व पूर्ववत. यास 'अमॉरोसिस फ्युगॅक्स' म्हणतात. पळून जाणारा अंधार, असा त्याचा अर्थ. मानेतील कॅरोटिड धमनीत चरबीचा थर साचतो. त्याचा कण किंवा रक्ताची गुठळी सुटून दृष्टिपटलाच्या रक्तवाहिनीत अडकते व पुढे सरकली की दृष्टी परत येते. पुढची गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात! ही भीती पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त. बिडी-तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांनी तर एक दिवसही थांबू नये.

आपली नेत्रशिबिरे चांगलीच आहेत. तेथे चष्म्याचा नंबर निघतो, मोतीबिंदू सापडतो. पण या रोग्याचा डोळा शिबिरात ठणठणीत दिसू शकतो! त्याला हवी रक्तदाब व साखरेची तपासणी, ईसीजी, मानेच्या धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी, हृदयाची इको आणि मेंदूचे स्कॅन. बाहुली मोठी करून पडदाही पाहावा लागतो.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट शिकून घ्यावी. अंधारी येताच एकेक डोळा हाताने झाकून पाहावे. पुष्कळ लोक 'उजवा डोळा गेला' म्हणतात, पण खरे तर दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेलेली असते. तो दोष मेंदूकडचा. एवढ्या साध्या गोष्टीने निदानाची दिशा बदलते.

तरुणांत नागमोडी चमकत्या रेषा वीस-तीस मिनिटे दिसून नंतर डोके दुखले तर बहुधा अर्धशिशी. उठताना क्षणभर दोन्ही डोळ्यांपुढे काळोख आला तर रक्तदाब उतरणे, पंडुरोग किंवा उन्हातले पाणी कमी पडणे. पण वाकताना वारंवार काही सेकंद अंधारते आणि डोकेही दुखते, तर डोक्यातील दाब वाढलेला असू शकतो. पन्नाशीपुढे कानशील दुखणे व चावताना जबडा दुखणे हे आपल्याकडे क्वचित आढळते. तरी ईएसआर तपासून स्टिरॉइड त्वरित द्यावे लागते, नाहीतर दृष्टी कायमची जाते.

विषारी दारूचेही सांगितलेच पाहिजे. मिथेनॉल पोटात गेल्यावर दुसऱ्या दिवशी धुके पडल्यासारखे दिसते. 2015 साली मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. तेथे वाट पाहणे म्हणजे डोळे आणि जीव दोन्ही गमावणे.

दृष्ट काढणे, डोळ्यात रस पिळणे, 'पित्त झाले' म्हणून झोपवणे, यात मोलाचे तास जातात. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, 108 ची गाडी आहे. जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्यावे: कोणता डोळा, किती वाजता, किती मिनिटे, पडदा वरून आला की बाजूने, हातपाय किंवा बोलणे अडखळले का, आणि कोणती औषधे चालू आहेत.