शांताबाई कांबळे : ३९ वर्षांची सेवा आणि आपले कर्तव्य

(अंबरनाथ येथे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आज आपण एका शिक्षिकेचे स्मरण करण्यासाठी जमलो आहोत. शांताबाई कृष्णाजी कांबळे यांचा जन्म १ मार्च १९२३ रोजी सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे एका महार कुटुंबात झाला. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शंभरी पूर्ण होण्यास अवघे काही आठवडे उरले होते.

सोलापूरकडील एका शिक्षिकेचे चरित्र अंबरनाथमध्ये कशासाठी सांगावयाचे, असे कोणी विचारील. आपल्या वस्त्यांतील पुष्कळ घरे कारखाने व रेल्वे यांच्या आधाराने घाटावरून येऊन येथे वसली. त्याच घरांतील लेकीसुना आज पहाटेची लोकल गाठून शाळांत, इस्पितळांत आणि सरकारी कचेऱ्यांत कामास जातात. त्यांची वाट ज्या मोजक्या स्त्रियांनी प्रथम तुडविली, त्यांत शांताबाई होत.

१९४२ साली जुलै महिन्यात नागपूर येथे भरलेल्या महिला परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असा विचार मांडला. त्याच साली शांताबाई सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. त्या जिल्ह्यातील दलित समाजाच्या त्या पहिल्या शिक्षिका होत. ज्या समाजाच्या मुलांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसविले जाई, त्या समाजाची कन्या हाती खडू घेऊन वर्गासमोर उभी राहिली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

दहा वर्षे नोकरी व संसार सांभाळल्यावर १९५२ साली त्यांनी पुण्यात दोन वर्षांचे अध्यापन-प्रशिक्षण पुरे केले. पुढे सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम करून त्या १९८१ मध्ये सेवानिवृत्त झाल्या. दलित पँथरचे एक अग्रणी, मराठीचे प्राध्यापक अरुण कांबळे हे त्यांचे पुत्र. २००९ साली त्या पुत्राचा मृत्यूही या मातेला पाहावा लागला. निवृत्तीनंतर त्यांनी आपली कहाणी स्वतःच्या बोलीत लिहिली. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. दलित स्त्रीच्या अगदी पहिल्या आत्मकथनांत त्याची गणना होते. १९९० मध्ये मुंबई दूरदर्शनवर ‘नाजुका’ या मालिकेच्या रूपाने ते घरोघरी पोहोचले.

आता या चरित्रावरून आपण काय घ्यावयाचे? आपल्याकडे नोकरदार स्त्री निवृत्त झाली वा निवर्तली, की आपण तिला ‘त्यागमूर्ती’ म्हणतो, शाल पांघरतो, फुले वाहतो. परंतु तिचा पगार तीस-पस्तीस वर्षे कोणाच्या हाती पडत होता, हे कोणी विचारतो काय? वकिलीच्या धंद्यात असे कागद माझ्यापुढे पुष्कळ येतात. कर्जाचे हप्ते तिच्या पगारातून गेलेले असतात, घर मात्र दुसऱ्याच्या नावावर असते. अशा वेळी ‘त्याग’ हा शब्द तिचा गौरव करण्याऐवजी तिचा हक्क झाकण्याच्या कामी येतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५६ च्या वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने व श्रमाने मिळविलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण असते. त्या कायद्याचे नाव हिंदू वारसा कायदा असल्यामुळे तो आपल्याला लागू नाही, असे कित्येकांना वाटते. पण २ऱ्या कलमाने तो बौद्धांनाही लागू केला आहे. त्यामुळे आपला धर्म हिंदू ठरत नाही, आणि आपल्या भगिनींचा हक्कही बुडत नाही.

दुसरी गोष्ट नोकरीच्या दाराची. धर्मांतरित बौद्धांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती दीर्घ काळ नाकारल्या गेल्या. १९९० च्या दुरुस्तीने तो अन्याय दूर झाला. शांताबाई तत्पूर्वी ९ वर्षे निवृत्त झाल्या होत्या. आपल्यापैकी ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्यांनी हे ध्यानी ठेवावे, की अनुसूचित जातीच्या माणसाने बौद्ध धम्म स्वीकारल्याने तो हक्क जात नाही. मुलाप्रमाणे मुलीचेही जातीचे प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. लग्न होऊन जाणारी म्हणून तिचे कागद मागे ठेवू नका.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला पतीची पाच कर्तव्ये सांगितली. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, तिच्या हाती अधिकार सोपविणे आणि तिला अलंकार देणे, ही ती होत. कुटुंबनिष्ठा ही केवळ स्त्रीच्या माथी मारलेली नसून तिला पुरुषाच्या कर्तव्याची जोड आहे, हा आपला धम्म सांगतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरातील कमावत्या स्त्रीचे बँक-पुस्तक तिच्याच हाती असू द्या. तिच्या पैशाने घर घेतले, तर कागदावर तिचे नाव असू द्या. ती कामावरून थकून आली, तर चूल पेटविण्यास आपणही उठा. आणि तिला म्हणा, ‘तुझी कहाणी तू लिहून ठेव.’ शांताबाईंनी ती लिहिली, म्हणूनच आज आपण त्यांच्याविषयी बोलू शकलो.

नमो बुद्धाय. जय भीम.