स्टिअरिंग मारतं, पण कधी?



महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजात ट्रक येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, स्टिअरिंग वॉबलिंग मारतंय," की पुढचं बहुधा ठरलेलं असतं. मालकाला फोन जातो, टाय रॉडचे एंड मागवले जातात, स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू थोडा आवळतात आणि गाडी मार्गाला लावतात. आठवड्याच्या आत तीच गाडी तीच तक्रार घेऊन दारात. मालक म्हणतो मिस्त्री चोर, मिस्त्री म्हणतो पार्ट डुप्लिकेट. खरं तर ड्रायव्हरला विचारायचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. स्टिअरिंग मारतं कधी? किती वेगाला? ब्रेक दाबल्यावर की नुसतं चालताना? भरलेली असताना की रिकामी?

यांची उत्तरं शोधायला आपल्या भागासारखा रस्ता नाही. पोलादपूरपासून थोड्या अंतरात घाट आहे, सपाट काँक्रीट आहे आणि खड्डे तर विचारूच नका.

आधी सपाटीचं बोलू. महाड सोडून माणगावच्या दिशेला मोकळा रस्ता मिळाला, काटा पन्नास-साठवर गेला की थरथर सुरू होते आणि वेग उतरवला की आपोआप थांबते. हे दुखणं बहुतेक वेळा चाकाचं असतं. ट्रकचं चाक एका फेऱ्यात सव्वातीन मीटरच्या आसपास जातं. ताशी साठला ते सेकंदाला पाच फेरे मारतं. रिमच्या कडेला एका बाजूला तीनशे ग्रॅम जादा वजन असलं, तर या वेगाला ते सुमारे आठ किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं, तेही सेकंदाला पाच वेळा. ऐंशीला हाच जोर चौदा किलोंच्या वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि हे तीनशे ग्रॅम येतात कुठून? पावसाळ्यात भरावाच्या कामावर जाऊन आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या बाजूने लाल माती बसते आणि वाळून दगड होते. म्हणून पान्याआधी पाण्याचा पाइप घ्या. रिम धुऊनही थरथर राहिली तर पुढची चाकं मागे टाका, मागची पुढे आणा. हातातली थरथर गेली तर टायर किंवा रिम दोषी, स्टिअरिंगचा एकही नट सोडायचं कारण नाही.  

आता घाट. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरणारी गाडी सुमारे चाळीस किलोमीटरांत बाराशे मीटरांहून जास्त खाली येते. सोळा टनांच्या गाडीची ही उतरण्याची ऊर्जा सगळी उष्णता झाली, तर सहाशे लिटर पाणी उकळेल. इंजिन गिअरमध्ये रोखून यातला वाटा उचलतं, बाकीची ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापतो, एका अंगाला फुगतो, गोलाई बिघडते. मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावं-उजवं हिसके देतं, पाय काढला की शांत. कशेडी घाट उतरल्यावरही हीच तक्रार घेऊन गाड्या येतात. अशा गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात. ड्रम काढून मापा, लेथवर घेता येतो का बघा, नाहीतर बदला. आणि घाट उतरल्या उतरल्या तापलेल्या ड्रमवर बादली ओतायची क्लीनर मंडळींची सवय मोडा. तडे तिथूनच जातात.

खरं खोडकर दुखणं तिसरं. मुंबई-गोवा महामार्गाचं रखडलेलं काम आपण सगळ्यांनी भोगलं आहे. काँक्रीट संपतं, डायव्हर्जन लागतं, चाक पायरीवरून धाडकन खाली पडतं. त्या एका दणक्यानंतर स्टिअरिंग असं काही झुलायला लागतं, की ड्रायव्हरने घट्ट धरूनही ते थांबत नाही. जवळजवळ थांबेपर्यंत वेग उतरवावा लागतो. याच्या मुळाशी गंमत आहे. ट्रकची पुढची धुरा अखंड असते, डावं चाक उचललं की उजवंही कलतं. फिरणारं चाक म्हणजे मोठा भोवराच. त्याला एका दिशेने कलवलं की ते आडव्या दिशेला वळू पाहतं. म्हणजे धुरा खालीवर झाली की चाकं डावी-उजवी होतात, चाकं वळली की धुरा पुन्हा कलते आणि दोघं एकमेकांना झोका देत राहतात. शंभर वर्षांपूर्वी मोटारगाड्यांचंही असंच होत होतं. फ्रान्समध्ये ब्रुलिए नावाच्या इंजिनिअरने १९२५ साली यावर लिहिलं. मोटारींनी १९३०च्या दशकात पुढची चाकं सुटी करून यातून बरीचशी सुटका करून घेतली. मालवाहू ट्रकने वजनासाठी अखंड धुरा ठेवली. ती ठेवायची तर ढिलाई चालत नाही, कारण झोका वाढायला तेवढीच जागा लागते.

ढिलाई कुठे आहे, हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. मागच्या चाकांना दगड लावा, धुरेखाली जॅक देऊन चाक जमिनीपासून सुटं करा आणि खाली ठोकळा ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वर आणि खाली असं दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली, तर हब बेरिंग ढिलं. तशीच राहिली, तर चाक ज्याच्याभोवती वळतं तो किंगपिन आणि त्याचे बुश झिजले. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा आहे, आणि ती न करताच किंगपिन काढणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. मग गाडी जमिनीवर घेऊन क्लीनरला स्टिअरिंग थोडं डावं, थोडं उजवं करायला लावा. तुम्ही खाली प्रत्येक बॉल जॉइंटवर हात ठेवा. एक तुकडा हलला आणि पुढचा थोडा उशिरा हलला, तर त्या दोघांमधला जॉइंट गेला. यू बोल्ट आणि कमानपाट्याच्या पिना मात्र पहारीने हलवून बघायच्या, त्या हाताला दाद देत नाहीत.

रिकामी गाडी शांत आणि भरली की झुलते, अशी तक्रार आली तर मागच्या पाट्यांकडे बघा. मागचं बूड बसलं की चासीचा पुढचा भाग उचलतो आणि किंगपिनचा मागे झुकाव वाढतो. जादा झुकाव चाकाला झुलायला उत्तेजन देतो. त्यातच २०१८ साली दोन धुरांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली. जुन्या गाडीचे पाटे, बुश, बेरिंग मात्र जुन्याच हिशोबाचे. एमआयडीसीतून निघणाऱ्या अर्धवट भरलेल्या टँकरची गोष्ट वेगळी. त्यात द्रव हेलकावतो आणि गाडी डोलते, पण ते डोलणं सीटला जाणवतं, हाताला नाही.

स्टिअरिंग बॉक्स आवळून झुलणं दाबता येतं, हे मी नाकारत नाही. पण वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, आणि घाटात ते फार वाईट. पॉवर स्टिअरिंगने तर आणखी एक घोळ केला. थरथर हातापर्यंत पोचेनाशी झाली, म्हणून टायरला कपासारखे खळगे पडेपर्यंत कोणाला पत्ताच लागत नाही. पॉवरवाल्या गाडीत दर आठवड्याला टायरवरून तळहात फिरवा.

राहिलं ग्रीस. आपल्याकडचे किंगपिन झिजतात त्याचं मोठं कारण पाऊस. चार महिने पाणी आणि चिखल बुशमध्ये शिरत राहतो. गाडी चाकांवर उभी ठेवून निपलला गन लावली, तर भार असलेल्या बाजूला ग्रीस जातच नाही. धुरा जॅकवर उचला, भार काढा, मग गन मारा. जुनं काळं ग्रीस निघून वरून आणि खालून नवं बाहेर येईपर्यंत मारत राहा. नाहीच आलं, तर निपल बदलून बघा. तरीही नाही आलं तर वाट चोंदली आहे, आणि मग किंगपिन काढावाच लागेल.