घटपर्णी बियांपासून वाढवताना



माझ्या हातात ही कागदाची छोटी पुडी आहे. मागच्या रांगेतल्यांना काहीच दिसणार नाही, आणि पुढच्यांना वाटेल की झाडूचे तुटलेले तुरे आहेत. हे बी आहे. जेमतेम दीड सेंटिमीटर लांब, दोऱ्याहून बारीक. मधोमध जो फुगीर ठिपका दिसतो, तेवढाच खरा जीव. दोन्हीकडची शेपटं वाऱ्यावर तरंगण्यासाठी. म्हणून पुडी उघडताना मी पंखा बंद करायला सांगितला.

या बीतून घटपर्णीचा वेल उगवतो. शास्त्रीय नाव नेपेंथिस. पानाच्या टोकाशी झाकणाचा घट लटकतो आणि त्यात मुंग्या-किडे पडून विरघळतात, ती ही वनस्पती. मी बडोद्यात राहते, हिशेबाचं काम करते, आणि गेली सहा वर्षं गॅलरीत घटपर्णी वाढवते. आज तुम्हाला ती बियांपासून कशी वाढवायची ते सांगणार आहे. आणि ती बियांपासूनच का वाढवावी, तेही.

आधी एक गैरसमज दूर करू. घटपर्णीचं पोट किड्यांवर भरत नाही. इतर झाडांसारखीच ती उन्हातून आपलं अन्न बनवते. पण ती अशा जमिनीत वाढते जिथे नायट्रोजन, फॉस्फरस फारच कमी. ती उणीव ती किड्यांतून भरून काढते. आपल्या भाषेत सांगायचं तर भाकरी उन्हातून आणि डाळ मुंगीतून. घट हा फुलाचा भाग नाही, पानाचाच भाग आहे. पानाची मधली शीर पुढे तंतूसारखी वाढते आणि तिचं टोक फुगून घट होतो. त्याची कड ओली झाली की कमालीची निसरडी होते. खाली पाचक रस. वरचं झाकण पावसाचं पाणी बाहेर ठेवतं.

ही सगळी रचना गरिबीत जगण्यासाठी आहे. म्हणून घटपर्णी वाढवण्याचा पहिला नियम आपल्या सवयीच्या उलटा: कमी द्या.

आता कृती. मिठाईचा पारदर्शक प्लास्टिक डबा घ्या, तळाला भोकं पाडा. माती नको, शेणखत नको, गांडूळखत तर मुळीच नको. स्फॅग्नम नावाचं वाळवलेलं शेवाळ मिळतं. ते बारीक कातरून भिजवा, पिळा, त्यात थोडं परलाइट मिसळा आणि तीन-चार बोटं जाडीचा थर द्या. कोकोपीट वापरायचंच असेल तर आधी अनेकदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं.

पाण्याचं फार सांभाळायचं. आमच्या भागात बोअरच्या पाण्याने पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो. तुमच्याकडेही धरत असेल तर ते पाणी या रोपांना चालणार नाही. क्षार साचत जातात आणि मुळं मरतात. पावसाचं पाणी साठवा किंवा आरओचं वापरा. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र मिळतं. पन्नासच्या खाली आकडा आला की मी निश्चिंत होते.

बी वरून नुसतं भुरभुरायचं. पुरायचं नाही, कारण त्याला उजेड लागतो. फवाऱ्याने हलकेच पाणी मारा म्हणजे बी शेवाळाला चिकटतं. झाकण लावा आणि डबा भरपूर उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. बंद डब्यात ऊन पडलं तर आत भट्टी होते. मी लावते ती जात नेपेंथिस मिराबिलिस, आग्नेय आशियातल्या सखल, उष्ण प्रदेशातली. तिला पंचवीस ते तीस अंश तापमान मानवतं. त्यामुळे आमच्याकडे पेरणी जूनच्या शेवटी. रोज दोन मिनिटं झाकण उघडायचं, नाहीतर बुरशी धरते.

मग वाट बघायची. चार आठवडे, सहा, कधी आठही. घरात रोज एकच प्रश्न: "उगवलं का?" एके दिवशी हिरवे टिंब दिसतात, दोन चिमुकली बीजपत्रं. आणि त्यानंतर जे होतं, त्यासाठी मी घरात भिंग आणून ठेवलंय. त्यानंतर येणाऱ्या पहिल्याच पानांना घट असतो! एक-दोन मिलिमीटरचा, पण कड, झाकण, सगळं जागच्या जागी. आमच्या सोसायटीतली मुलं रांग लावून तो बघतात.

माझ्या मागच्या पेरणीत साठ बिया होत्या. बावीस उगवल्या. आज नऊ रोपं आहेत, तिसऱ्या वर्षातली, सर्वांत मोठा घट माझ्या करंगळीएवढा. हाताच्या पंजाएवढे घट यायला अजून वेळ आहे.

या वर्षांत पाहुणे तीन गोष्टी हमखास करतात. घटात बोट घालतात, घट उलटा करून रस बघतात आणि मटणाचा तुकडा टाकू का विचारतात. मांसाच्या तुकड्याने घट सडतो. रोप गॅलरीत असेल तर मुंग्या आपणहून येतात, कडेवरचा मधुरस चाटायला. तेवढं पुरतं. चौथा प्रश्नही असतो: "डास कमी होतात का हो?" नाही होत. काही डासांच्या अळ्या तर घटातल्या रसातच आरामात राहतात.

आता बी कुठून मिळतं? इथे खरी मौज आहे. घटपर्णीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. फूल येईपर्यंत कोण काय ते कळत नाही, आणि फूल यायला काही वर्षं जातात. माझ्या पुडीतल्या बियांची आई कोचीच्या एका गच्चीवर आहे आणि बाप ठाण्यातल्या एका खिडकीत. दोघांचा फुलण्याचा काळ जुळला नाही. मग ठाणेकरांनी पराग वाळवून फ्रिजमध्ये ठेवला आणि मादी फुलल्यावर कुरियरने पाठवला. कोचीकर बाईंनी मऊ कुंचल्याने तो फुलांना लावला. काही आठवड्यांनी बोंडं तडकली. त्यांनी मला बी लगेच पाठवलं, कारण ते फार टिकत नाही. दोन-तीन महिन्यांत उगवण झपाट्याने घटते.

म्हणून इंटरनेटवर निळ्या, जांभळ्या घटांचे फोटो लावून विकली जाणारी स्वस्त पाकिटं घेऊ नका. त्यात बहुधा भलतंच बी निघतं. परदेशातून मागवायचं असेल तर आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यापेक्षा देशातल्या हौशी मंडळींशी ओळख करा.

पण एवढा खटाटोप कशाला? तयार झाड विकत मिळतंच की. मिळतं, आणि रोपवाटिकेत वाढवलेलं असेल तर जरूर घ्या. प्रश्न आहे तो जंगलातून उपटलेल्या झाडांचा.

भारतात घटपर्णीची एकच जात नैसर्गिकरीत्या वाढते: नेपेंथिस खासियाना. जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७३ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. तिचं घर मेघालयात, गारो, खासी आणि जयंतिया टेकड्यांत. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमाराजवळ तिच्यासाठी एक छोटं अभयारण्य राखलेलं आहे. वाघासाठी शेकडो चौरस किलोमीटर लागतात, हिच्यासाठी एक टेकडीचा उतार. पण तोच उतार कोळशाच्या खाणीत गेला, रस्त्यासाठी कापला गेला किंवा कुणी पिशवी घेऊन तिथे पोहोचला, तर पुढे जायला हिला दुसरी जागा नाही. त्यात नर-मादी वेगळे. चार वेल उपटले आणि त्यात आसपासचा एकुलता नर गेला, तर उरलेल्या माद्या फुलतील, पण बी धरणार नाही.

खासियाना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. परवान्याशिवाय ती उपटता येत नाही, विकता येत नाही, लागवडही करता येत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही ती सर्वांत कडक परिशिष्टात आहे. म्हणून माझ्या गॅलरीत खासियाना नाही. मला ती फार आवडते, तरीही नाही.

झाड घेताना बघायचं काय? जात विचारा आणि कुठे वाढवलं ते विचारा. रोप शेवाळात असावं, पानं लहान आणि सारखी. मुळांना जंगलाची माती, जाड जुना बुंधा, फाटकी पानं आणि सोबत आलेलं रानगवत दिसलं, तर ते झाड कुणीतरी नुकतंच उपटून आणलेलं आहे असं समजा. असं झाड घरी फारसं जगतही नाही. गिऱ्हाईक नसेल तर ते उपटण्यात कुणाला फायदा नाही.

ज्यांना पेरायला जमणार नाही त्यांनी पावसाळ्याच्या शेवटी साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जावं. तिथे घटपर्णी नाही, पण तिच्यासारख्याच किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत. चिकट थेंबांनी किडे धरणारे दवबिंदू आहेत, आणि सीतेची आसवं आहेत. त्या नाजूक जांभळ्या फुलांच्या खाली, ओल्या मातीत, किडे ओढून घेणाऱ्या बारीक पिशव्या असतात. गुडघ्यावर बसा, बघा, फोटो काढा आणि हात रिकामे ठेवून परत या.

आणि ज्यांना जमेल त्यांच्यासाठी आज दहा पुड्या आणल्या आहेत, प्रत्येकीत वीस बिया. अट एवढीच, की तुमचा वेल फुलला की नर की मादी ते मला कळवायचं. चार-पाच वर्षं लागतील. मी यादी ठेवलेली आहे.