आपल्या गावाची छायाचित्रे : आपलेही एक कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

– एक शिक्षक, बी. ए., बी. एड., राहुरी



या व्यासपीठावरून दरवर्षी अभ्यास, शिस्त आणि मुलींचे शिक्षण या विषयांवर माझ्याहून थोर मंडळी आपणांस मार्गदर्शन करीत आली आहेत. मी आज एक लहान विषय घेतला आहे. आपणां प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये जे फोटो पडून असतात, त्यांच्याविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी एका जुन्या कौलारू शाळेचा फोटो हवा होता. आमच्या वडिलांच्या पिढीने त्या शाळेत अलिफ-बे आणि ग-म-भ-न दोन्ही गिरविले. इमारत पडून काही वर्षे झाली होती. फोटो मिळविण्याचे काम माझ्याकडे आले. मी घरोघर फिरलो, पेट्या उघडावयास लावल्या. शेवटी एका लग्नाच्या वरातीचा फोटो मिळाला. त्यात नवरदेवाच्या फेट्यामागे एक खिडकी आणि कडुनिंबाची एक फांदी दिसत होती. ती खिडकी शाळेचीच, असे ऐंशी वर्षांच्या एका चाचांनी ओळखून सांगितले. फोटोच्या पाठीमागे एक अक्षरही नव्हते. पुढच्या हिवाळ्यात चाचा अल्लाला प्यारे झाले. आज ती खिडकी ओळखणारा कोणी उरला नाही.

त्या रात्री मी माझा मोबाइल उघडून पाहिला. त्यात चार हजारांवर फोटो होते. वाढदिवसाचे केक होते, बिर्याणीची पातेली होती, नव्या मोटारसायकलचे अकरा फोटो होते. ज्या शाळेवरून मी आठ वर्षे रोज ये-जा केली, तिचा एकही नव्हता. दोष कोणाला देणार? वाचकहो, आपणही आपला मोबाइल एकदा असाच उघडून पाहावा, एवढी माझी विनंती आहे.

आता कोणी म्हणेल, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला म्हणजे झाले. तसे होत नाही. मोबाइल पाण्यात पडतो, चोरीस जातो, नवा घेतला की जुना मुलांच्या खेळण्यात जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेला फोटो चार दिवस फिरतो आणि कोणी काढला, कोठला, केव्हाचा, हे सारे हरवून बसतो. फोटो टिकावा, तो कोणालाही सापडावा आणि त्याची माहिती त्याच्यासोबत राहावी, यासाठी सार्वजनिक ग्रंथालयासारखी जागा लागते. अशी एक जागा आज आहे व ती मोफत आहे.

मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश आपणांपैकी बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. तो 1 मे 2003 रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच सुरू झाला. त्यातील लेख तुमच्या-आमच्यासारखी माणसेच लिहितात. या ज्ञानकोशाला लागणारी छायाचित्रे ‘विकिमीडिया कॉमन्स’ नावाच्या सामाईक भांडारात ठेवली जातात. ते भांडार सप्टेंबर 2004 मध्ये सुरू झाले आणि आज त्यात दहा कोटींहून अधिक फायली आहेत. तेथे ठेवलेला एकच फोटो मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा कोणत्याही भाषेच्या लेखात लावता येतो. मुळा नदीच्या काठी उभे राहून काढलेले चित्र लाहोरच्या किंवा लंडनच्या विद्यार्थ्याला त्याच्या भाषेतील मजकुराबरोबर पाहता येते. केवढी ही सोय!

दरवर्षी सप्टेंबर महिन्यात या भांडारासाठी जगभर ऐतिहासिक वास्तूंच्या छायाचित्रांची स्पर्धा होते. ती 2010 साली हॉलंडमध्ये सुरू झाली. भारताने 2012 साली प्रथम भाग घेतला, आणि त्याच वर्षी जागतिक पहिला क्रमांक दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या छायाचित्राला मिळाला. आपल्या जिल्ह्यात अशा वास्तूंना काय तोटा? मलिक अहमद निजामशाहाने वसविलेले शहर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. भुईकोट किल्ला, फराहबाग, दमडी मशीद, बाग रौजा, किती नावे घ्यावीत!

पण विद्यार्थी मित्रांनो, नुसता सुंदर फोटो पुरेसा नाही. नगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, तिला सारे लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. सहली जातात, मुले फोटो काढतात आणि खाली तेच नाव लिहितात. वास्तविक तो महाल नव्हेच. निजामशाहीचा वजीर सलाबतखान (दुसरा) याची ती कबर आहे. चांदबिबीने 1595-96 साली मोगल फौजेपासून किल्ला राखला तो खाली शहरात. म्हणून फोटो देताना खालची ओळ खरी लिहावी. काय आहे, कोठे आहे, कोणत्या दिशेने व कोणत्या तारखेस काढला, एवढे लिहावे. लोकांतील नाव आणि खरे नाव दोन्ही द्यावीत. जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले आहे. जुन्या पुस्तकांत अहमदनगर हेच सापडते. दोन्ही लिहिल्यास शोधणाऱ्याची अडचण होत नाही.

नोंद नसली म्हणजे काय होते, याचे आणखी एक उदाहरण देतो. ते आपल्या शिक्षणसंस्थेच्या जिव्हाळ्याचे आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण नगर येथे मिस फरार यांच्याकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांच्या सहकारी फातिमा शेख यांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. 2025 सालच्या आरंभी, अशी बाई होऊनच गेली नाही, असा वाद उठला. तेव्हा जाणकारांनी कशाचा आधार घेतला? सावित्रीबाईंनी 1856 साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा हे नाव आले आहे, त्याचा. पत्रातील त्या एका उल्लेखाने केवढा आधार दिला! जी माणसे आपले काम लिहून, दाखवून ठेवीत नाहीत, त्यांच्याविषयी पुढे दुसरे बोलतात आणि ‘ती नव्हतीच’ असेही म्हणू शकतात. हा धडा कटू असला तरी आपण तो घेतला पाहिजे.

आता पालकांच्या मनातील शंका. त्या रास्त आहेत, म्हणून मी त्या टाळणार नाही.

काही बुजुर्गांना माणसांचे फोटो काढणेच पसंत नाही. त्यांच्या मताचा मी आदर करतो. या कामासाठी माणसांचे चेहरे मुळीच लागत नाहीत. आपल्या मुलींचे, शाळेतील मुलांचे, घरातील मंडळींचे फोटो तेथे देऊच नयेत, असे मी स्पष्ट सांगतो. दुकानदाराचा किंवा कारागिराचा फोटो घ्यावयाचा तर त्याची परवानगी घ्यावी. खाते उघडताना खरे नाव देण्याची सक्ती नाही, टोपणनाव चालते. मोबाइल पुष्कळदा फोटोबरोबर ठिकाणही नोंदवितो. किल्ल्याच्या फोटोला ते उपयोगी आहे, परंतु घरात काढलेल्या फोटोला नको. लहान विद्यार्थ्यांनी पालकांना शेजारी बसवूनच हे काम करावे.

दुसरी शंका हक्काची. फोटो दिला तरी तो तुमचाच राहतो, मात्र कोणालाही वापरू देण्याचा परवाना तुम्ही देता. वापरणाऱ्याने तुमचे नाव छापावयाचे, एवढी अट ठेवता येते. एखाद्या छापखान्याने त्याचे कॅलेंडर काढून विकले, तरी पैसे मागता येत नाहीत. शिवाय दिलेला परवाना मागे घेता येत नाही. म्हणून विचार करून द्यावे. विहिरीवर पाणपोई बांधणारा कोण पाणी प्याला याचा हिशेब ठेवीत नाही, त्या भावनेने द्यावे. ज्याला हे पटत नसेल त्याने न दिलेले बरे.

तिसरी गोष्ट, फोटो स्वतः काढलेलाच हवा. येथेही माझीच फजिती सांगतो. धरणाचे दरवाजे उघडल्याचा एक देखणा फोटो मला कोणी पाठविला होता. मी उत्साहाने तोच ‘माझा’ म्हणून चढविला. थोड्याच दिवसांत तो काढून टाकण्यात आला, आणि ते योग्यच होते. दुसऱ्याची वस्तू दान करून सवाब मिळत नाही! त्यानंतर मी स्वतः बारागाव नांदूरला जाऊन मुळा धरणाचे फोटो काढले. तितके देखणे नाहीत, पण माझे आहेत. पुस्तकातील चित्रे, वृत्तपत्रातील कात्रणे हीसुद्धा चालत नाहीत. घरच्या पेटीतील जुन्या फोटोंची गोष्ट निराळी आहे. ते कोणी काढले, कोणी काढवून घेतले, यावर हक्क ठरतो. आपल्या कायद्याने छायाचित्राचा हक्क ते काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. त्यामुळे ते चढविण्याची घाई करू नका. मात्र आजच त्यांच्या पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवा. दादी-नानी बसल्या आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.

मग फोटो कशाचे काढावेत? किल्ले-मकबऱ्यांपुरते थांबू नका. राहुरीचे रेल्वे स्टेशन आहे, मुळा-प्रवरेचे घाट आहेत, 1968 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, ऊसतोडीच्या गाड्या आहेत, आठवडे बाजार आहे. आणि ज्या वस्तू डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत त्या आधी घ्या. पिंजाऱ्याची धनुकली, कल्हईवाल्याचा भाता, मणियाराची बांगड्यांची पेटी, शिकलगाराची सहाण, अत्ताराच्या कुप्या. या धंद्यांवर आपल्या कित्येक घरांची चूल पेटली, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. त्यांचे एक चांगले चित्र आणि खाली दोन खऱ्या ओळी, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, महिन्याला प्रत्येकी एक फोटो, एवढेच मी मागतो. वर्गात चाळीस मुले असतील तर वर्षाला चारशे ऐंशी होतील. त्यातले निम्मे बिनकामाचे निघाले तरी दोनशे चाळीस उरतात. शनिवारी शाळा सुटल्यावर मी संगणकाच्या खोलीत बसतो. ज्याला खाते उघडावयाचे, ओळ लिहावयाची, त्याने पालकांची संमती घेऊन यावे. शुद्धलेखन मी तपासून देईन.

कौलारू शाळा आता परत यावयाची नाही. पण आज जी शाळा उभी आहे, तिचा फोटो आज संध्याकाळी काढता येईल. तिच्या भिंती, तिची खिडकी, तिचे झाड घ्या, आणि खाली तारीख घालावयास विसरू नका.