आपल्या वसाहतीचे पोटनियम
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमचे सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणार नाही, हे आपण जाणताच. तथापि सावेडीतील आपल्या ज्ञातीच्या गृहनिर्माण संस्थेची चिटणिसी बारा वर्षे आमच्याकडे होती. येत्या सर्वसाधारण सभेपुढे तिचा एक पोटनियम बदलण्याचा ठराव पुन्हा यावयाचा आहे. त्याविषयी चार शब्द सांगावेत अशी चालकांची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानली.

प्रथम हा नियम कसा जन्मला ते पाहू. १९७२ च्या दुष्काळानंतर आपली कित्येक कुटुंबे गाव सोडून मुलांच्या शिक्षणासाठी नगरात आली. भाड्याची खोली मागावयास गेले की पहिला प्रश्न जातीचा होई आणि पुढे उत्तर ठरलेले असे. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी पैपैसा जमवून माळावरची जमीन घेतली, संस्था नोंदविली आणि पोटनियमांत लिहिले की, सभासद आपल्या ज्ञातीचाच असावा. त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईस गावदेवी येथे १९१५ साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत बांधवांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तीही परक्या शहरात आपल्या माणसांना निवारा मिळावा याच हेतूने. ज्यास कोणी दार उघडीत नाही, त्याने स्वतःचे दार बांधावे, हे योग्यच होय.

परंतु ज्या नियमाने आपल्याला आसरा दिला, त्याच नियमाने पुढे आमच्या हातून काय घडविले, ते आज आम्ही कबूल करणार आहोत.

संस्थेतील एका सभासदाच्या विधवा पत्नीस औषधोपचारासाठी घर विकणे भाग पडले. ज्ञातीतील दोघे गिऱ्हाईक आले. परंतु बाईंची अडचण ओळखून त्यांनी फारच पाडून भाव केला. योग्य किंमत देण्यास तयार होते ते आमचेच एक सहकारी शिक्षक. आमच्या थोरल्या मुलास गणिताची गोडी त्यांनी लावली. मात्र त्यांची जात वेगळी. त्यांचा अर्ज समितीपुढे आला, नियमावर बोट ठेवण्यात आले आणि नकाराचे पत्र आम्ही आमच्या हस्ताक्षरात लिहिले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत भेटले तेव्हा म्हणाले, “सर, नियमच आहे, त्याला तुम्ही तरी काय करणार?” त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. बाईंना अखेर पडेल किमतीस घर द्यावे लागले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च विद्या घेऊन बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना, हा इतिहास आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितला होता. तो सांगणारे आम्ही त्या दिवशी दाराच्या कोणत्या बाजूस उभे होतो?

कोणी म्हणेल, असा नियम कायद्यास मान्य आहे ना? अहमदाबादेतील झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सभासदत्व पारशी बांधवांपुरतेच ठेवणारा तिचा पोटनियम गुजरातच्या सहकारी कायद्याखाली वैध आहे, असा निर्णय न्यायालयाने १५ एप्रिल २००५ रोजी दिला. आम्ही त्यातून इतकाच बोध घेतो की, न्यायालय आपले काम आपल्यासाठी करून देईल, या आशेवर बसू नये. नियम आपण केला आहे, तो आपणच बदलावयास हवा. कायद्याने चालते म्हणून ते न्यायाचेच असते असे नव्हे.

आता बदलावयाचे कसे, हेही नीट समजून घेतले पाहिजे. कारण पहिल्या खेपेस घोडचूक आमच्याकडूनच झाली. दिवाळीच्या स्नेहसंमेलनात ठराव मांडला, टाळ्या पडल्या आणि आम्ही तो मंजूर म्हणून लिहिला. निबंधकांकडून कागद परत आला, आणि तो यावयासच हवा होता. आदर्श उपविधींप्रमाणे अशा दुरुस्तीसाठी पूर्ण चौदा दिवसांची सूचना द्यावी लागते व दुरुस्तीचा मसुदा तिच्यासोबत धाडावा लागतो. सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासद अनुकूल हवेत. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ नुसार, निबंधकांकडे नोंद झाल्याखेरीज ती दुरुस्ती अमलात येत नाही. या पायऱ्या पुष्कळांना कटकटीच्या वाटतात. आम्हांस त्या शहाणपणाच्या वाटतात. टाळ्यांच्या गजरात चांगला नियम होऊ लागला, तर उद्या वाईटही तसाच होईल.

दुसऱ्या खेपेस सर्व रीतसर केले. एकोणचाळीस सभासद हजर होते, सव्वीस मते हवी होती, बावीस पडली. चार मते कमी पडली. ज्यांनी विरोध केला ते आमचे शत्रू नव्हेत. त्यांच्या शंकांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली शंका, ज्ञातीचे ऐक्य मोडेल. आमचे म्हणणे असे की, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, वधूवर मेळावे, अडल्यानडल्यास मदत ही कार्ये मंडळाची आहेत आणि ती मंडळाकडेच राहतील. गृहनिर्माण संस्थेचे काम पाण्याची टाकी, रस्त्यावरचे दिवे, गटारे आणि वर्गणी एवढेच. टाकीतले पाणी कोणाची जात विचारते? दुसरी शंका, पूर्वजांनी केलेला नियम आपण कसा मोडावा? आपल्याच जिल्ह्यातील शनिशिंगणापुराकडे पाहा. चौथऱ्यावर स्त्रियांनी जाऊ नये ही तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा. उच्च न्यायालयाने दंडक घालून दिल्यावर २०१६ च्या गुढीपाडव्यास विश्वस्तांनी तो चौथरा सर्वांना खुला केला. त्यायोगे देवस्थानाचे काही उणे झाल्याचे आम्ही तरी ऐकिले नाही. तिसरी शंका, कोणीही येऊन बसेल. तर वर्गणी वेळेवर भरणे, बांधकामास परवानगी घेणे, शेजाऱ्यास उपद्रव न देणे, हे नियम जसेच्या तसे राहतील आणि नव्या सभासदासही बांधतील. ठरावाने एकच शब्द गळावयाचा आहे, तो म्हणजे ‘ज्ञातीतील’.

हा आपला जिल्हा सहकाराचे माहेरघर. १९४८ साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा साखर कारखाना उभारला, तो ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. शेतात ऊस हे तेथे नाते होते. आपल्या वसाहतीत एका टाकीचे पाणी पिणे हे नाते का पुरू नये?

बंधुभगिनींनो, ते शिक्षक आज हयात नाहीत. त्यांचे घर आम्ही त्यांस देऊ शकत नाही. पण तसले पत्र पुन्हा कोणा चिटणिसास लिहावे लागू नये, एवढे आपल्या हाती आहे. सूचना हाती पडताच मसुदा घरच्या सर्वांसमवेत वाचावा आणि सभेस अवश्य यावे. विरोध असेल तर तोही उभे राहून सांगावा. घरी बसून मात्र राहू नये.