डोंगराची कथा आणि दोन भाषा



इंद्रवेल्लीत डोंगराच्या कथेवर बोलणे म्हणजे घरच्यांनाच घरची गोष्ट सांगणे. म्हणून कथा थोडक्यात सांगतो आणि ती ज्या भाषेत जपली गेली, त्या भाषेविषयी अधिक बोलतो.

राजगोंडांच्या परंपरेत देव डोंगराच्या गुहेत कोंडले गेले होते. पहांदी कुपार लिंगोने त्यांना बाहेर काढले आणि चार, पाच, सहा व सात अशा सगांत त्यांची विभागणी केली. एकाच सगातल्या मुलामुलींचे लग्न होत नाही. सोयरीक दुसऱ्या सगात करायची. म्हणजे गुहेची शिळा सरकते तेव्हा देव सुटतात आणि नात्यांचा कायदाही सुरू होतो.

हा डोंगर कोणता? गोंदिया जिल्ह्यात कचारगड दाखवतात. आपल्या सीमेवर जंगुबाईची गुहा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये छापले गेले. त्यात धवलगिरी येतो. यांतला एक खरा ठरवून बाकीचे खोडायचे, असा मोह अभ्यासकाला होतो. माझ्या मते तो टाळावा. जिथे समाज राहतो, तिथे तो आपली गुहा ओळखतो.

केनियातल्या गिकुयूंचा किरिन्यागा पर्वतही असाच. न्गाई देवाने आदिपुरुष गिकुयूला पर्वतावरून भूमी दाखवली आणि त्याच्या नऊ मुलींवरून कुळांना नावे पडली, असे ते सांगतात. जोमो केन्याटा यांनी १९३८ मध्ये आपल्या समाजावरचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातली बरीच जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ताब्यात होती. अशा वेळी पर्वताची कथा जमिनीच्या हक्काची साक्ष होते. इंद्रवेल्लीला हे वेगळे समजावून सांगायला नको. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या प्रश्नावर इथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत आकडा १३ मृतांचा. लोक सांगतात तो कितीतरी मोठा.

आता भाषेकडे येतो. ही कथा किकरीच्या साथीवर गातात ते परधान. आदिलाबादच्या परधानांची घरची बोली मराठी. कथा मात्र ते गोंडीत गातात. हायमेनडॉर्फ यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात राजगोंडांच्या पुराणकथा मांडल्या, त्यांचा मोठा आधार हेच गायन होते. म्हणजे चुलीपाशी मराठी बोलणाऱ्यांनी दुसऱ्या भाषेचा ठेवा पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत ठेवला. मराठीच्या इतिहासात याची नोंद कुठे आहे? आपण परधानांना गोंडीचे भाट म्हणतो आणि मराठीच्या खात्यात त्यांना जागा देत नाही.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. कथा टिपताना आधी गोंडी शब्द लिहा, मग मराठी अर्थ. ‘पेन’चा सरसकट ‘देव’ करू नका. तो शब्द तसाच राहू द्या आणि खाली अर्थ द्या. गाणारा कोणत्या सगासाठी गातो, तेही लिहा. दोन गायकांची कथा वेगळी निघाली तर दोन्ही छापा. गोंडीला आज गुंजाळा गोंडी आणि मसराम गोंडी या लिप्या आहेत, दोन्ही युनिकोडमध्ये आल्या आहेत. मूळ पाठ त्यांतही देता येईल.

आणि गायकाला कधीतरी मराठीतही विचारा, त्याच्या घरच्या बोलीत, की ही कथा त्याची कोण लागते. ते उत्तर मराठी साहित्यात अजून यायचे आहे.