धूर आणि मेद



धूम्रपानाचा विषय निघाला की सभागृह गंभीर होते आणि लठ्ठपणाचा विषय निघाला की तेथे खसखस पिकते. दोन्हींमुळे आयुष्य कमी होऊ शकते, दोन्हींवर डॉक्टर मंडळी चिंता व्यक्त करतात; मग एकाला गांभीर्य आणि दुसऱ्याला हसू, असे का? एवढाच प्रश्न घेऊन मी आज आपल्यापुढे उभा आहे.

धूम्रपानाकडेही आपण पूर्वी गंभीरपणे पाहत होतो असे नाही. दिवाणखान्यातले रक्षापात्र ही एके काळी शोभेची वस्तू होती. पाहुण्यापुढे सिगारेटचे पाकीट धरणे हा शिष्टाचार होता. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन इंग्रज संशोधकांनी धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीनिशी मांडला. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने तेच अधिकारवाणीने सांगितले. पुढे १९८१ साली हिरायामा या जपानी संशोधकाने दाखवून दिले की, स्वतः कधीही सिगारेट न ओढणाऱ्या पण ओढणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार करणाऱ्या स्त्रियांनाही या कर्करोगाचा धोका अधिक असतो. तेव्हापासून धूर ही ज्याची त्याची खासगी बाब उरली नाही. आपल्याकडे २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी झाली. २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरांतील १४ प्रौढ धूम्रपान करणारे होते. २०१६-१७ च्या पाहणीत ते प्रमाण १०.७ वर आले.

आता यात समाजाने काय केले ते नीट पाहा. जाहिराती बंद केल्या, कर वाढवले, पाकिटावर भयंकर चित्रे छापली, जागा ठरवून दिल्या. कायद्याने बंधने घातली ती कृतीवर आणि व्यापारावर. ओढणाऱ्याच्या नाकाडोळ्यांची टवाळी करावी असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

लठ्ठपणाच्या बाबतीत आपण नेमके उलट केले. व्यापाराला मोकळे सोडले आणि माणसाला धरले. आपली भाषाच पाहा. तान्ह्या मुलाच्या अंगावर असते ते बाळसे. मूल गुटगुटीत असेल तर त्याची दृष्ट काढायची. शेठजींचे पोट सुटले तर ते खात्यापित्या घरचे लक्षण. पण तीच गुटगुटीत मुलगी वीस वर्षांची झाली, की स्थळ पाहायला आलेली मंडळी ‘अंगाने जरा जास्तच आहे’ म्हणून उठून जातात. शाळेत जाड्या, ढोल्या या नावांनी हाक मारलेल्या मुलाचे खरे नाव वर्गसोबत्यांना पुढे आठवतही नाही. लग्नाच्या पंगतीत ‘माझ्या गळ्याची शपथ’ म्हणून तिसरा लाडू पानात टाकणारी आत्याच हात धुताना म्हणते, “किती सुटलीस गं!”

विडी ओढणारा वडीलधारी माणसे समोरून आली की हात पाठीमागे नेतो, आणि त्याचा मान राहतो. लठ्ठ माणसाने आपला देह कोणाच्या पाठीमागे लपवावा?

यावर कोणी म्हणेल, “पण जिभेला आवर घालणे तर त्याच्याच हातात आहे ना?” हा आक्षेप टाकाऊ नाही, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. १९८६ साली स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची अंगकाठी वाढवणाऱ्या आईबापांशी जुळेना. जुळली ती जन्मदात्यांशी. म्हणजे ज्याला आपण खादाडपणा म्हणतो त्यात रक्ताचा वाटा मोठा आहे. पण सारे रक्तावर ढकलूनही चालणार नाही. आपल्या देशात जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा २०.६ होते, ते २०१९-२१ मध्ये २४ झाले. एवढ्या थोड्या वर्षांत रक्त बदलत नाही, आणि सगळ्या स्त्रियांचा मनोनिग्रह एकदम ढासळतो असेही नाही. बदलतो तो बाजार, बदलते ते काम, बदलतात ते रस्ते. शिवाय एक भेद विसरू नये. तंबाखू कायमची सोडता येते. अन्न सोडता येत नाही. ज्याच्याशी झगडायचे त्याच्याच पंक्तीला दोन वेळा बसायचे, अशी ही लढाई आहे.

“थोडे लाजवले तर सुधारेल,” अशीही एक समजूत आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, वजनावरून ज्यांना हीन वागणूक मिळाली ती माणसे पुढील चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट आढळली. लाजेने वजन उतरत नाही. माणूस मात्र मैदानावर, तरणतलावावर आणि दवाखान्यात जाण्याचे टाळू लागतो.

आणि हसणाऱ्यांनी तरी फार निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! किडकिडीत दिसणारा भारतीय माणूस आतून मेद बाळगून असू शकतो, हा त्याचा मथितार्थ. म्हणजे ज्याच्या देहाला आपण हसतो तो रोगी आणि आपण निरोगी, असा निवाडा डोळ्यांना करता येत नाही.

लठ्ठपणा निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी ही त्याची मुले आपण घरोघरी पाहतो. रोगाला रोगच म्हणावे. पण रोग्याला अपराधी म्हणू नये. हा न्याय धूम्रपान करणाऱ्यालाही लागू आहे. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जाऊन पहिला प्रश्न “ओढत होता का?” असा विचारणारे आपल्यात थोडे नाहीत.

धुराशी लढताना जे शहाणपण आपण दाखवले तेच येथे दाखवता येईल. चिली देशाने २०१६ साली साखर, मीठ आणि चरबी अधिक असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के मारले. ब्रिटनने २०१८ साली गोड पेयांवर कर बसवला, तेव्हा अनेक कारखानदारांनी आपण होऊन साखर कमी केली. असे नियम आपण मागावेत. मुलांना खेळायला मैदान आणि म्हाताऱ्यांना चालायला पदपथ मागावा. आणि एवढे होईपर्यंत, येत्या लग्नसराईत एक गोष्ट तर आपल्या हातची आहे : आग्रहाचा तिसरा लाडू वाढू नये, आणि ‘किती सुटलीस’ हे शब्दही उच्चारू नयेत.